आई मॅचला यायची तेव्हा

नेदरलँड्समध्ये वाखनिंगनला पीएचडी करत असताना आम्ही चौघं एका घराच्या वरच्या दोन मजल्यांवर राहायचो. मी, मातीवर संशोधन करणारा एक इथिओपियन, भाताच्या वाणांवर काम करणारी एक इंडोनेशियन मुलगी आणि उत्तरेकडच्या फ्रीसलंडहून आलेली एक उंच, मितभाषी डच मुलगी. ही डच मुलगी विद्यापीठाच्या मुलींच्या फुटबॉल टीमची गोलकीपर होती. मला हे बरेच महिने माहीतच नव्हतं. बाथरूममधल्या दांडीवर मातीने माखलेले मोजे वाळत असायचे, तेवढंच.

एका शनिवारी सकाळी तिचा फोन आला. हातमोजे स्वयंपाकघरातल्या रेडिएटरवर वाळत राहिले होते, मी आणून देईन का? मी सायकल काढली. गावाच्या कडेला, पार वाऱ्यात, त्यांचं मैदान होतं. हातमोजे दिले आणि आता आलेच आहे तर पाच मिनिटं थांबावं म्हणून कठड्याला टेकून उभी राहिले. मॅच वाखनिंगनच्या मैदानावर होती, पण बघायला आलेली माणसं सगळी पाहुण्यांची होती. नदीपलीकडच्या एका खेड्याची टीम होती ती. त्यांच्या मुलींचे आईबाप आले होते, आज्या आल्या होत्या, एक बाई बाबागाडी घेऊन आली होती, कुणीतरी थर्मासमधून कॉफी ओतत होतं. आपल्या मुलींच्या बाजूला एका राखीव खेळाडूचा मित्र पुस्तक वाचत बसला होता, आणि मी.

"तुमच्याकडचं कुणीच कसं येत नाही?" संध्याकाळी मी तिला विचारलं.

ती पास्ता ढवळत होती. म्हणाली, "शुक्रवारी सगळे घरी जातात ना."

ते खरंच होतं. शुक्रवारी दुपारी एडे स्टेशनला जाणाऱ्या बसमध्ये पाय ठेवायला जागा नसायची. प्रत्येक डच मुलामुलीच्या हातात मळक्या कपड्यांची भली मोठी बॅग. आठवड्याचे कपडे आईच्या मशीनमध्ये धुऊन रविवारी रात्री परत. शनिवारी गावात उरायचो ते आम्ही, ज्यांची घरं विमानाने जाण्याइतकी लांब होती. आणि आम्हाला मॅच आहे हे कुणी सांगायचं नाही. सांगितलं असतं तरी आम्ही गेलो असतो का, देव जाणे. कुणाचे प्रयोग चालू, कुणी घरच्यांशी फोनवर, कुणी नुसतं पांघरुणात. शिवाय त्या मुली जवळपास प्रत्येक मॅच हरायच्या.

तिने "कुणी येत नाही" याबद्दल तक्रार मात्र कधी केली नाही. जशी हवा, तसंच हे.

मी कोल्हापूरची. हे मी तिला सांगितलं तेव्हा त्यात सांगण्यासारखं काय आहे ते तिला कळलं नाही. कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय, हे कोल्हापूरच्या माणसालाच समजावं. पेठेपेठेची, तालमीतालमीची टीम. सीझन लागला की दुकानं दुपारी ओस पडायची. आमचं घर मैदानाच्या भिंतीपासून हाकेच्या अंतरावर होतं. बाबांचं हार्डवेअरचं दुकान, पण आपल्या पेठेची मॅच असली की शटर खाली. आई मात्र लग्न होऊन त्या घरात आली तेव्हापासून एकदाही मैदानात गेली नव्हती. तिला मॅच कळायची ती स्वयंपाकघरातून. ओट्याशी उभी राहून ती सांगायची, "हुकला बघ," किंवा "झाला गोल, पण आपला नव्हे." गोलचा आवाज वेगळा, हुकल्याचा वेगळा, मारामारी लागली की आणखी वेगळा. मॅच संपायच्या जरा आधी ती चहाचं आधण ठेवायची, कारण बाबा सगळ्या दोस्तांना घेऊन घरी येणार हे ठरलेलं.

माझ्या तिसऱ्या वर्षाच्या हिवाळ्यात आई माझ्याकडे आली. बाबांनाही बोलावलं होतं. ते म्हणाले, "सीझन सुरू आहे गं, आत्ता कसा येऊ?" इंडोनेशियन मुलगी नेमकी त्याच काळात फील्डवर्कसाठी मायदेशी जाणार होती, तिने आपली खोली आईला दिली. आईने विमानातून कांदालसूण चटणी, मेतकूट आणि लोखंडी उलथनं आणलं. कस्टममध्ये त्या उलथन्याची बरीच चौकशी झाली होती.

सुरुवातीचे दिवस तिला जड गेले. मी सकाळी लॅबला जायची, ती खिडकीत बसायची. "इथं माणसं कुठं असतात गं?" असं तिने मला विचारलं होतं. इथिओपियन दुपारी जेवायला घरी यायचा, त्याच्याशी तिची गट्टी जमली. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. तो तिला कॉफी भाजून, कुटून करून द्यायचा, ती त्याला भाकरी. त्याचं म्हणणं, ही आमच्या इंजेरा पोळीची चुलत बहीण.

एका शनिवारी मी तिला म्हटलं, "चल, आपल्या घरातली मुलगी खेळते, बघून येऊ." माझा कोट, माझी लोकरीची टोपी, खाली साडी आणि बूट, अशी ती मैदानावर आली. बस स्टॉपपासून चालत येताना तिने मला दोनदा विचारलं, "बायका असतात ना बघायला?"

"बायकाच खेळतात, आई."

"ते कळलं. बघायला असतात का?"

पहिला गोल आपल्या मुलींनी केला. फार क्वचित घडायचं ते. खेळाडू मुली एकमेकींच्या पाठीवर थापा मारत परत मध्यावर आल्या. आई माझ्याकडे वळून म्हणाली, "काय झालं?"

"गोल झाला."

"कुणाचा?"

"आपला."

"मग आवाज कुठाय?"

मी हसले, पण ती गंभीर होती. तिला खरोखरच काही कळत नव्हतं. आयुष्यभर तिने मॅच कानांनी पाहिली होती. आता डोळ्यांपुढे बावीस मुली पळत होत्या आणि वारा सोडून काही ऐकू येत नव्हतं. थोड्या वेळाने पाहुण्यांनी बरोबरी केली, तेव्हा त्यांच्या आज्या ओरडल्या. "हां," आई म्हणाली, "हा झाला गोल." आणि मग जरा रागानेच, "त्यांचा तेवढा ऐकू येतो."

आम्ही बसने घरी निघालो. आपल्या स्टॉपवर उतरल्यावर आई म्हणाली, "पोरगी एवढी चिखलात पडते, उठते, आणि तिच्या बाजूनं ओरडायला एक माणूस नसावं? पुढच्या मॅचला माणसं घेऊन जाऊ."

"कुठली माणसं?"

"ही घरात बसलेली."

पुढच्या आठवड्यात तिने मला आर्नम शहरातल्या भारतीय दुकानातून चुरमुरे आणायला लावले. शुक्रवारी संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात भडंग झाला. लसणाची आणि तिखटाची फोडणी अशी बसली की धुराचा अलार्म वाजला. इथिओपियन स्टुलावर चढून टॉवेलने वारा घालत होता. वास जिन्याने खाली गेला. शेजारच्या घरात राहणारा नागपूरचा एक मुलगा, पिकांच्या रोगांवर काम करणारा, वास घेत वर आला. "काकू, हे काय चाललंय?"

"उद्याचं आहे," आई म्हणाली. "मॅचला आलास तर मिळेल."

"कुठली मॅच?"

तोही बिचारा दोन वर्षं वाखनिंगनमध्ये राहत होता. आपल्या विद्यापीठाची मॅच असते हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो आला, त्याचे दोन मित्र आले, इथिओपियन आपल्या विभागातल्या तिघांना घेऊन आला. त्यांतल्या एकाला फुटबॉलचं खरं वेड होतं, बाकीचे आले ते शनिवारी करायला दुसरं काही नव्हतं म्हणून. आई भडंगाचा डबा कुशीत धरून उभी. नियम तिने स्वतः ठरवला होता: नुसतं खायचं नाही, ओरडायचं.

तिच्या ओरडण्यात काहीतरी मजेशीर होणार हे मला आधीच कळायला हवं होतं. आमची एक मुलगी बॉल घेऊन गोलजवळ गेली आणि आई बेंबीच्या देठापासून ओरडली, "हाण! हाण!" नागपूरच्या मुलाने उचललं, इथिओपियनांनी उचललं, सगळे "हाण! हाण!" करू लागले. मैदानातल्या मुली एकदम थबकल्या. पाहुण्यांची बचावपटू दोन्ही हात वर करून पंचांकडे बघू लागली, मी काही केलं नाही म्हणून. डच लोक बॉल हाताला लागला की "हँट्स!" असं ओरडतात. ह्यांना वाटलं आम्ही दाद मागतोय.

पंच म्हणजे एक पांढऱ्या मिशांचे आजोबा होते, दर शनिवारी हौसेने शिट्टी फुंकणारे. दोनतीन वेळा असं झाल्यावर बॉल बाहेर गेला तेव्हा ते आमच्याकडे चालत आले. आईपुढे उभे राहून अगदी अदबीने म्हणाले, "बाई, हाताला लागला की नाही, ते मी ठरवतो."

मी भाषांतर केलं. आई म्हणाली, "त्यांना सांग, हाताचं कोण बोलालंय? मी पायाचं बोलतो."

आमच्या कोल्हापुरात बायकाही 'मी बोलतो, मी येतो' असंच म्हणतात. नागपूरचा मुलगा त्यावर हसत सुटला. मी पंचांना जमेल तसं समजावलं. त्यांनी थोडा विचार केला आणि दुसरा एखादा शब्द आहे का, असं विचारलं.

"मग 'मार' म्हणू," आई म्हणाली.

उत्तरार्धात आमचा कंपू "मार! मार!" ओरडू लागला. आता डचमध्ये 'मार' म्हणजे 'पण'. पलीकडच्या आज्यांपैकी एक कठड्याला धरून हळूहळू आमच्यापर्यंत आली आणि मला विचारू लागली, "पण काय? मघापासून पण, पण, पण. पुढे काय?" तिला भडंग दिला. तिखटाने तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी ती पुढे केलेला हात मागे घेईना. ती मॅचभर आमच्याच बाजूला उभी राहिली, तिची नात तिकडून हातवारे करत असतानाही.

आपण ती मॅच हरलो. पण त्या आठवड्यात टीमच्या मुली आमच्या घरी आल्या, काकूंना भेटायला. एकीने विचारलं, "तो शब्द नीट कसा म्हणायचा?" मग आईने स्वयंपाकघरात उभं राहून त्यांना 'मार' म्हणायला शिकवलं. त्यांना तो शिकवायची काही गरज नव्हती, त्यांचाच शब्द होता, पण आईसारखा पोटातून काढता येत नव्हता.

आमच्या घरातली गोलकीपर मात्र पहिल्या दिवशी नाराज झाली होती. रात्री ती माझ्या दारात येऊन म्हणाली, "तुझ्या आईला सांगशील का, माझ्या गोलमागे उभं राहू नका? मला मागून माणसांचा आवाज ऐकायची सवय नाही. मी वळून बघते." मी घाबरतच आईला सांगितलं. आई म्हणाली, "बरं. समोरच्या गोलमागे उभं राहू. तिथून तिला दिसू तरी." पुढच्या घरच्या मॅचपासून आम्ही अर्ध्या वेळेनंतर टीमनी बाजू बदलल्या की सगळे उठून दुसऱ्या टोकाला जायचो, डबा आणि छत्र्या घेऊन. ती लांबून एकदा हात वर करायची. बस, तेवढंच.

पूर्ण वसंत ऋतू तसा गेला. घरची मॅच असली की आई पहाटेच उठायची. येणारी माणसं वाढली, कधी कमी झाली. पावसात कमी, परीक्षेच्या आधी कमी, ऊन पडलं की जास्त. कुणी आलं नाही तर आई सोमवारी त्याला रस्त्यात गाठून विचारायची, "आला नाहीस?" तिच्या आवाजात राग नसायचा, काळजी असायची. बरं नव्हतं का, जेवलास का, अशी. मला वाटतं लोक त्या प्रश्नासाठी यायचे. आपण आलो नाही हे परक्या गावात कुणाच्या तरी ध्यानात येतं, ही गोष्ट साधी नव्हती.

एकदा परतीच्या वाटेवर मी तिला विचारलं, "तू कोल्हापुरात का नाही गेलीस कधी? भिंतीपलीकडे तर होतं."

"बायका जात नव्हत्या असं नाही. हल्ली तर पोरीपण जातात," ती म्हणाली. "मला कुणी चल म्हटलं नाही. मीपण कुणाला येतो म्हटलं नाही. आणि मी गेलो असतो तर त्या सगळ्यांना आल्या आल्या चहा कुणी दिला असता?" त्यात कडवटपणा नव्हता. तिने ते नीट विचार करून सांगितलं, जणू पहिल्यांदाच विचार करत होती.

मे महिन्यात तिचा व्हिसा संपला. स्किपोल विमानतळावर सोडायला मी, इथिओपियन आणि गोलकीपर गेलो. गोलकीपरने वाकून तिला मिठी मारली, आईचं डोकं तिच्या खांद्याच्याही खाली आलं. आईने तिच्या दंडावर दोन थापा दिल्या आणि मराठीतच सांगितलं, "उजवीकडं जरा लवकर उडी मार."

नंतरच्या शनिवारी मी भडंग केला. चुरमुरे मऊ राहिले, लसूण करपला. चारपाच जण आले. त्याच्या पुढच्या वेळी इथिओपियनचं सॅम्पलिंग होतं, नागपूरच्या मुलाला ॲम्स्टरडॅमला जायचं होतं. कुणी ठरवून यायचं थांबलं नाही. प्रत्येकाला त्या दिवशी काहीतरी काम होतं. सोमवारी "आला नाहीस?" असं विचारायला मलाही जमलं नाही. तसं विचारायला आईचं वय लागतं बहुतेक.

"वाईट वाटतं का?" मी गोलकीपरला विचारलं.

तिने मोजे दांडीवर वाळत घातले. मग म्हणाली, "आधी कुणी नसायचं तेव्हा मला ते दिसायचं नाही. आता दिसतं."

सीझनच्या शेवटच्या घरच्या मॅचला मी एकटीच गेले. कठड्यापाशी एक बाई उभी होती, गोलकीपरसारखीच उंच, हातात कापडात गुंडाळलेलं काहीतरी. मला बघून ती सरळ माझ्याकडे आली. "तू त्या भारतीय आईची मुलगी ना? कुठे आहे ती?"

ती गोलकीपरची आई होती. त्यांच्या घरी गाई होत्या, शनिवार-रविवार काही नसायचं, दूध काढायला माणूस लागायचाच. मुलगी फुटबॉल खेळायला लागली तेव्हापासून त्यांनी तिची विद्यापीठातली एकही मॅच पाहिली नव्हती. मुलीनेही कधी या म्हटलं नव्हतं. पण ह्या वसंतात दर रविवारी फोनवर ती कुण्या साडीवाल्या बाईबद्दल सांगत राहिली. "आज नवऱ्याला म्हटलं, गाई तू बघ. मी निघाले," ती बाई म्हणाली. कापडात फ्रीसलंडचा साखरेचा पाव होता, माझ्या आईसाठी भाजलेला.

आई भारतात परत गेली हे तिला सांगताना मला कसंतरीच झालं. मग मी फोन काढला. कोल्हापुरात दुपारच्या चहाची वेळ होती. आई स्क्रीनवर आली, चष्मा शोधला, आणि ह्या दोघी बायका एकमेकींकडे नुसत्या बघून हसत राहिल्या. एक फ्रीसियन बोलत होती, एक कोल्हापुरी. मी मध्ये काही भाषांतर करायला गेले तर दोघींनी मला थांबवलं. तेवढ्यात मैदानात पेनल्टी झाली, आपल्या विरुद्ध. गोलकीपरच्या आईने फोन हातात तसाच धरला आणि दुसऱ्या हाताने माझं मनगट गच्च पकडलं. मुलीने उजवीकडे झेप घेतली. बॉल तिच्या बोटांना लागून बाहेर गेला, आणि ती बाई असं काही ओरडली की फोनमधून आई म्हणाली, "वाचवला! वाचवला ना?"

ती मॅच बरोबरीत सुटली. पाव आम्ही कँटीनमध्ये टीमच्या मुलींसोबत खाल्ला, लोणी लावून. आईच्या वाटणीचा तुकडा कुणी घ्यायचा यावर बरीच चर्चा झाली.

पुढच्या हिवाळ्यात आई बाबांबरोबर कोल्हापूरच्या मैदानात गेली. बाबाच फोनवर सांगत होते, जरा लाजत, "तीच म्हणाली, मी येतो." मी आईला विचारलं, कसं वाटलं. "लई गर्दी," ती म्हणाली. "काही दिसत नाही, नुसती डोकी. पण पुढच्या रविवारी परत जाणार आहे. चहा काय, टपरीवर मिळतो."

आता मी ॲम्स्टरडॅमजवळ हूफडॉर्पला राहते. बियाण्यांच्या एका कंपनीत काम करते. इथिओपियन त्याच्या देशात प्राध्यापक झाला, नागपूरचा मुलगा कॅनडात आहे, गोलकीपर फ्रीसलंडमध्ये शाळेत शिकवते. आमच्या घरात आता कोण राहतं, माहीत नाही.

गेल्या शरदात एका कामासाठी वाखनिंगनला गेले होते. काम शुक्रवारी संपलं, पण मी मुद्दामच रात्र राहिले आणि शनिवारी सकाळी मैदानाकडे चालत गेले. नव्या मुली खेळत होत्या. मी ओळखत असलेलं त्यांच्यात कुणीही नव्हतं, असायचं काही कारणही नव्हतं. पाहुण्यांचे आईबाप रांगेने उभे होते. आपल्या बाजूला कुणी नाही. मी कॉफी घेऊन उभी राहिले तेव्हा राखीव खेळाडूंच्या बाकावरची एक मुलगी उठून माझ्याकडे आली. लांब कोट, केस ओले.

"तुम्ही कुणाच्या आई?" तिने विचारलं.

"कुणाची नाही."

"मग कुणासाठी आलात?"

"तुमच्यासाठीच," मी म्हणाले. "मॅच बघायला."

तिला ते पटलं नसावं. मग तिचा चेहरा एकदम उजळला. रेषेवर झेंडा घेऊन उभं राहायला घरच्या टीमने माणूस द्यायचा असतो, आणि त्यांच्याकडे त्या दिवशी कुणीच नव्हतं. "ऑफसाइड कळतं का तुम्हाला?"

"थोडंसं," मी म्हणाले. खरं म्हणजे तेवढंही नाही.

"चालेल," ती म्हणाली आणि झेंडा माझ्या हातात दिला. मी पर्स तिच्याकडे सोपवली, कोटाची बटणं लावली आणि रेषेवर जाऊन उभी राहिले.